डाव्या हाताचा

डंडीत जानेवारीत सकाळचे आठ म्हणजे
रात्रीचं खरकटं भांडं.
तळाशी काळं, काठाला जरासं उजळ.
वैदेही रात्रपाळीहून अजून यायची आहे.
रेडिएटर अर्धा तास, त्याहून जास्त नाही.
ओट्यावरचं मीटर हिरव्याचं पिवळं होतं
आणि ते लाल व्हायच्या आत मी दोघींना उठवतो.

केतकी आठ वर्षांची. उठते ती पांघरुणासकट,
जिन्यावरून ते तिच्यामागे फरफटत येतं.
ऋता चारची. ती उठत नाही, उचलावी लागते,
गरम, जड,
नुकत्याच भरलेल्या पोळ्यांच्या डब्यासारखी.

वेणी मला अजून जमत नाही.
तीन पेड घेतो, दोनांचा हिशेब लागतो,
तिसरा कुठून आला तेच कळत नाही.
"आई घालते तेव्हा दुखत नाही," ऋता म्हणते.
"आणि सुटत पण नाही," केतकी,
लापशीतून मान वर न काढता.

मग थर्मल, त्यावर शर्ट, स्वेटर, कोट, मफलर.
"मी कांदा झाले."
दार उघडलं आणि कळलं, डावा हातमोजा नाही.
लाल, त्यावर पांढरा ससा, सशाचा एक कान उसवलेला.
खिसे पाहिले, सोफ्याखाली पाहिलं,
रेडिएटरमागे ऑक्टोबरमधला एक पायमोजा निघाला,
वाळून पापड झालेला.
शेवटी माझाच घातला तिला. कोपरापर्यंत गेला.

उतारावर बर्फ, बर्फावर मीठ.
रस्ता खारवलाय म्हटल्यावर तिला तो चाखायचा होता.
खाली टे नदी शिशासारखी,
हलतेय की नाही, सांगता येत नव्हतं.

इथल्या लोकांची एक सवय मला आवडते.
वाटेत कुणाचं काही पडलेलं दिसलं
की उचलून जवळच्या कुंपणाच्या गजावर खोचतात
आणि चालू लागतात.
चर्चपासून शाळेपर्यंत आज चार होते:
एक करडा, कुण्या आजोबांचा असावा,
एक बोटं कापलेला निळा,
एक बाळाचं टोपरं (तेही मोजलं),
आणि एक हिमानं ताठ झालेला, तळवा पुढे करून
चौकातल्या पोलिसासारखा उभा.
ऋता प्रत्येकाशी हात मिळवत गेली.
"गुड मॉर्निंग. येईल हं तुझा दुसरा."
उशीर होत होता, पण मी घाई केली नाही.
खरं तर केली. दोनदा.

बसस्टॉपवर वैदेही भेटली, डोळे झोपेनं लाल.
स्वतःचा हातमोजा दातात धरून
तिनं उभ्याउभ्या वेणी सोडली, पुन्हा घातली,
एका मिनिटात. पुढची बस यायच्या आत.

साडेतीनला परत अंधार.
वरणभात, गृहपाठ, भांडण, दात, गोष्ट, दुसरी गोष्ट.
दिवा घालवून मी दाराशी पोचलो
तेव्हा अंधारातून केतकी म्हणाली,
"बाबा, मोजा माझ्याकडे आहे.
उशीच्या अभ्र्यात."
मी थांबलो.
"तो आधी माझा होता.
सशाचा कान मीच उसवला होता, इथे आलो त्या वर्षी.
मी फक्त बघत होते, अजून बसतो का."
"बसला?"
बराच वेळ काहीच नाही. ऋताचा श्वास तेवढा.
"अंगठा बसला."

काय बोलावं, सुचलं नाही.
तिचं पांघरूण नीटच होतं,
तरी पुन्हा नीट केलं.

सकाळी मीटर पिवळं व्हायच्या आधीच
ऋता स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून ओरडली,
"बाबा! बाबा, माझा!"
आमच्या फाटकाच्या गजावर
लाल हातमोजा, ससा आमच्याकडे तोंड करून.
"कुणी ठेवला असेल?"
"कुणीतरी," केतकी म्हणाली
आणि आपल्या ओल्या स्लिपरा
पायानंच सोफ्याखाली सरकवल्या.